कॅलिफोर्नियात ऑक्टोबरमध्ये आरव्हीने फिरायचे आहे: द्राक्षतोडणी, वाइन आणि गोल्फ यांचा मेळ कसा घालावा?

अथणीची माहेरवाशीण (बेळगाव):

सर्वांना नमस्कार. दसरा झाल्यावर आम्ही दोघे मुलीकडे, कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे, जाणार आहोत. तिथून आठ-दहा दिवसांसाठी आरव्ही, म्हणजे झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली मोटरगाडी, भाड्याने घेऊन दोघांनीच फिरावे असा विचार आहे. मुलीला आणि जावयांना इतकी रजा मिळणार नाही, आणि आम्हालाही नोकऱ्या संपल्यानंतर एकदा आमच्या गतीने, कोणाच्या वेळापत्रकात न अडकता हिंडायचे आहे. आमचे हे चोर्ला घाटातून गोव्याला वर्षानुवर्षे गाडी नेत आले आहेत, त्यामुळे वळणांची भीती नाही. मात्र एवढी मोठी गाडी, तीही रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवणे, हे नवे असेल.

या प्रवासामागे आम्हा दोघांची एकेक ओढ आहे. पुण्यात बदली झाली असताना ह्यांना गोल्फची गोडी लागली, ती आजही कायम आहे. माझे माहेर अथणी तालुक्यातले; घरी द्राक्षबाग आहे आणि बहुतेक माल बेदाण्याला जातो. ऑक्टोबर म्हटले की आमच्याकडे फळछाटणी, डोळे फुटावेत म्हणून काडीला पेस्ट लावणे आणि डाऊनी रोगाच्या धास्तीने रोज आभाळाकडे पाहणे, हेच लहानपणापासून पाहिले. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियात बागेतला माल उतरत असतो आणि त्याची वाइन होत असते, हे मुलीने सांगितल्यापासून ते प्रत्यक्ष पाहावे असे मनात आहे. मी वाइन फारशी घेतलेली नाही, पण ज्या पिकावर आमचे घर उभे राहिले त्याचे दुसरे रूप मला नीट समजून घ्यायचे आहे.

वाइनसाठी सगळे जण नापाच्या खोऱ्याचे नाव सांगतात. आरव्ही घेऊन तिथे जाणे योग्य ठरेल का, की दुसरा भाग निवडावा? कोणती गाडी घ्यावी, आणि गोल्फसाठी वेगळी धावपळ न करता दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी साधतील असा मार्ग आहे का? भारतीय परवान्यावर अशी गाडी मिळते का, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

निपाणीकर (मुक्काम सॅलिनासजवळ):

ताई, नमस्कार. मी मूळचा निपाणीचा, शेतीशी संबंधित नोकरीमुळे सॅलिनासच्या खोऱ्यात राहतो, आणि आपण विचारलेला भाग माझ्या नेहमीच्या वाटेवरचा आहे. माझे स्पष्ट मत असे, की आरव्ही नापाला नेऊ नये. नापाचे खोरे जेमतेम 50 किलोमीटर लांब आणि अरुंद आहे, त्यातून जाणाऱ्या दोन मुख्य रस्त्यांवर तोडणीच्या हंगामात गर्दी असते, बहुतेक वायनरींत, म्हणजे वाइन बनवण्याच्या ठिकाणी, वेळ आधी ठरवून जावे लागते, आणि मोठी गाडी उभी करायची तर अनेक ठिकाणी वेगळी परवानगी काढावी लागते. वाइनची चव घेण्याचे शुल्कही आता माणशी 50 डॉलर किंवा त्याहून अधिक असणे तिथे सर्वसामान्य झाले आहे. नापा पाहूच नये असे मी म्हणत नाही. 1976 मध्ये पॅरिसला झालेल्या चवचाचणीत तिथल्या वाइननी फ्रान्सच्या नामांकित वाइनना मागे टाकले आणि तेव्हापासून जगाचे लक्ष या खोऱ्याकडे वळले. ते ठिकाण पाहण्याजोगे आहेच. पण सॅन होजेहून ते साधारण 130 किलोमीटरवर आहे. एखाद्या रविवारी मुलीच्या मोटारीतून जाऊन संध्याकाळी परत यावे.

आरव्हीसाठी दक्षिणेकडचा पासो रोब्लेस आणि मॉरो बे हा भाग घ्यावा, असे मी आग्रहाने सुचवतो. मॉरो बे येथे समुद्राकाठी राज्य सरकारचे उद्यान आहे, त्याच उद्यानात आरव्हीचे कॅम्पग्राउंड आहे आणि त्याच उद्यानात अठरा होलचे गोल्फ मैदानही आहे. आपले यजमान सकाळी गाडीतून उतरून चालत खेळायला जाऊ शकतील. तिथून पासो रोब्लेसच्या द्राक्षबागा सुमारे 45 किलोमीटरवर आहेत. तीन गोष्टी इतक्या जवळ असलेली दुसरी जागा माझ्या पाहण्यात नाही. मात्र सरकारी कॅम्पग्राउंडची कामे अधूनमधून निघतात, म्हणून आरक्षणाच्या संकेतस्थळावर ते चालू असल्याची खात्री आधी करावी. बंद असेल तर पासो रोब्लेस शहरात खासगी आरव्ही पार्क आहेत. सरकारी उद्यानांचे आरक्षण सहा महिने आधी सकाळी आठला खुले होते आणि समुद्राकाठच्या जागा लगेच संपतात, त्यामुळे आता वेळ दवडू नये.

मार्ग असा ठेवावा. सॅन होजेहून निघून पहिले दोन-तीन मुक्काम माँटेरीजवळ लागुना सेका येथील काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कॅम्पग्राउंडवर करावेत. शेजारीच मोटार शर्यतींचे मैदान असल्यामुळे शर्यतीचे दिवस तेवढे टाळावेत. पुढे 101 क्रमांकाच्या महामार्गाने सॅलिनासच्या खोऱ्यातून पासो रोब्लेस गाठावे. लेट्यूस, फ्लॉवर, ब्रोकोली यांची नजर पोहोचेल तिथवर पसरलेली शिवारे या रस्त्यावर लागतात. शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाने तिथे गाडीचा वेग आपोआप कमी करावा असा तो प्रदेश आहे. वाटेत सॅन मिगेल येथे 1797 मध्ये स्पॅनिश पाद्र्यांनी स्थापन केलेले मिशन आहे, तिथे तासभर थांबावे. सर्वांना बिग सरचा समुद्रकड्यावरचा 1 क्रमांकाचा रस्ता खुणावतो, पण पहिल्यांदाच आरव्ही चालवणाऱ्याला मी तो सुचवणार नाही. रस्ता अरुंद आहे आणि दरडींमुळे वारंवार बंद पडतो. 2017 च्या मे महिन्यात मड क्रीक येथे कोसळलेल्या दरडीमुळे बंद झालेला भाग 2018 च्या जुलैत खुला झाला होता.

गाडीविषयी. दोघांसाठी 22 ते 25 फुटांची 'क्लास सी' पुरते. ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली आणि चालकाच्या डोक्यावर पलंग असलेली ही गाडी साध्या मोटारीच्या परवान्यावर चालवता येते. पर्यटक म्हणून आलेल्या माणसाला कॅलिफोर्नियात भारतीय परवाना चालतो, तरीही बेळगावच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणावा, कारण भाड्याने देणाऱ्या काही कंपन्या तो मागतात. त्याची मुदत एक वर्ष असते. विमा गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीकडूनच पुरेसा घ्यावा. पेट्रोलला लिटरमागे साडेतीन ते चार किलोमीटर धरावेत, आणि प्रतिमैल आकार किती, जनरेटरचा तासाचा आकार किती, हे करारात वाचूनच सही करावी. गाडी ताब्यात घेताना पाणी भरण्याचा नळ, 30 अँपिअरची वीजजोडणी आणि सांडपाण्याची नळी हे तिन्ही स्वतःच्या हाताने जोडून पाहावे. नुसते समजावून घेतलेले रात्री अंधारात आठवत नाही.

एक इशारा गांभीर्याने द्यायचा आहे. तिथला शरद ऋतू हा वणव्यांचाही काळ आहे. उन्हाळाभर वाळलेले गवत आणि जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे कोरडे वारे एकत्र आले, की आग झपाट्याने पसरते. 2017 च्या ऑक्टोबरात नापा आणि सोनोमात अशाच आगींनी मोठी हानी केली. 'रेड फ्लॅग', म्हणजे वणव्याच्या धोक्याचा, इशारा असेल त्या दिवशी डोंगराळ भागात जाऊ नये आणि इंधनाची टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नये.

खानापूरचा फौजी:

वहिनी, गोल्फपुरते मी सांगतो. सैन्यातील सेवेत हा खेळ शिकलो आणि निवृत्तीनंतर मुलाकडे जाणे-येणे असल्याने या किनाऱ्यावरची मैदाने माहीत आहेत.

पेबल बीचचे नाव आपल्या यजमानांनी ऐकलेच असेल. 1919 मध्ये खुले झालेले आणि अमेरिकेची खुली स्पर्धा अनेकदा भरलेले हे मैदान सर्वांसाठी खुले आहे, पण एका फेरीचे शुल्क 600 डॉलरच्या पुढे जाते. त्याच माँटेरी द्वीपकल्पाच्या टोकाला, दीपस्तंभाजवळ, पॅसिफिक ग्रोव्हचे नगरपालिकेचे मैदान आहे आणि तिथे त्या रकमेच्या लहानशा हिश्शात खेळता येते. त्याचे मागचे नऊ होल जॅक नेव्हिल यांनी आखले, आणि डग्लस ग्रांट यांच्यासह पेबल बीच आखणारेही तेच होते. वाळूच्या टेकड्यांतून, समोर समुद्र ठेवून खेळण्याचा आनंद तिथे पुरेपूर मिळतो. तिथे यजमान खेळत असताना आपण गावातील राखीव उपवनात जावे. ऑक्टोबरपासून मोनार्क फुलपाखरे हिवाळा काढण्यासाठी तिथल्या झाडांवर उतरू लागतात.

मॉरो बेच्या मैदानाविषयी निपाणीकरांनी सांगितले ते योग्यच आहे. चढउतार बरेच आहेत, त्यामुळे गुडघ्यांचा विचार करून कार्ट, म्हणजे मैदानावरची छोटी गाडी, घ्यावी. बहुतेक मैदाने न खेळणाऱ्या सोबत्याला कार्टमध्ये बसू देतात, फक्त शुल्क आहे का ते विचारून घ्यावे. पासो रोब्लेसच्या पूर्वेला हंटर रँच नावाचे मैदान आहे, तेही सर्वांसाठी खुले आहे. खेळाडू दोघेच किंवा एकटा असेल तर मैदानावरचा माणूस त्याला अनोळखी मंडळींबरोबर जोडून देतो, त्यात संकोच वाटू देऊ नये. माझ्या तिथल्या ओळखी अशाच झाल्या.

आता महत्त्वाचे. सप्टेंबर-ऑक्टोबरात बरीच मैदाने ग्रीनला, म्हणजे होलभोवतीच्या आखूड हिरवळीला, भोके पाडून माती मोकळी करतात आणि वरून वाळू पसरतात. हिरवळीच्या मुळांसाठी ते आवश्यक असते, पण पुढचे काही दिवस चेंडू सरळ घरंगळत नाही. वेळ ठरवताना हे काम केव्हा झाले किंवा होणार आहे, हे फोनवर अवश्य विचारावे. दुपारनंतर शुल्क कमी होते, पण ऑक्टोबरच्या मध्यावर साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि अठरा होलना चार-साडेचार तास लागतात, तेव्हा पूर्ण फेरी हवी असेल तर सकाळच धरावी. क्लबचा, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्यांचा, संच बेळगावहून वाहून नेऊ नये, भाड्याने मिळतो. बूट आणि हातमोजा मात्र स्वतःचा असावा.

बेदाणा शेड (अथणी):

ताई, आपण आमच्याच भागातल्या, म्हणून बागेविषयी सविस्तर लिहितो.

आपल्याकडे वेलीला हिवाळी झोप नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशा दोन छाटण्या करून आपण एक पीक घेतो आणि माल जानेवारीपासून उतरवतो. कॅलिफोर्नियात थंडीने पाने गळतात, वेल झोपते, हिवाळ्यात एकदाच छाटणी होते आणि वसंतात फुटलेल्या डोळ्याचा माल ऑगस्ट ते ऑक्टोबर निघतो. म्हणून तारखेकडे लक्ष द्यावे. पिनो नुआर आणि चार्डोने या जाती बहुधा सप्टेंबरातच उतरलेल्या असतात. काबर्ने सोव्हिन्योंसारख्या उशिराच्या जाती ऑक्टोबरात हाती लागतात. दसरा उशिरा असेल तर तिकीट पुढे ढकलण्याचा मोह टाळावा, कारण दिवाळीपर्यंत वेलीवर फक्त पिवळी-तांबडी पाने राहतील. आणि मार्गातही बागा आधी, समुद्र नंतर, असा क्रम लावता आला तर उत्तम.

बागेत गेल्यावर घड हातात घेऊन पाहावा. आपल्या थॉमसन किंवा माणिक चमन या जातींच्या तुलनेत मणी वाटाण्याएवढा लहान, साल जाड आणि आत बी. खाण्याच्या द्राक्षात साधारण 18 ब्रिक्सवर (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचे माप) आपण समाधानी असतो. लाल वाइनची द्राक्षे तिथे 24 ते 26 ब्रिक्सपर्यंत वेलीवर ठेवतात. आपण मण्याचे आकारमान वाढावे म्हणून संजीवकांच्या मात्रा देतो, तिथे मणी लहान राहण्यातच मोल आहे, कारण रंग आणि तुरटपणा सालीतून येतो आणि रसाच्या मानाने साल जास्त हवी असते. ही एक गोष्ट समजली की वाइनची चव घेताना जिभेवर काय शोधायचे ते आपोआप कळते. पुष्कळ ठिकाणी तोडणी रात्री दिव्यांच्या उजेडात करतात, म्हणजे माल थंड राहतो आणि कारखान्यात पोहोचण्याआधी आंबू लागत नाही. पासो रोब्लेसच्या पश्चिमेला टेकड्यांतून समुद्राचा गार वारा आत येतो, त्यामुळे दिवस कडक आणि रात्र थंड असते. त्याने साखर वाढत असतानाही आंबटपणा टिकून राहतो. तिथल्या जुन्या झिन्फँडेलच्या बागा पाहायला मिळाल्या तर चुकवू नयेत. तारा नाहीत, मांडव नाही, ठिबकही नाही. एकेक वेल झुडपासारखी स्वतःच्या खोडावर उभी.

वायनरीत नुसत्या चवीच्या खोलीत बसण्यापेक्षा बागेतून फिरवून आणतील अशी भेट आधी पत्र लिहून ठरवावी आणि आपण द्राक्ष बागायतदाराच्या घरच्या आहोत हे त्यात आवर्जून लिहावे. शेतकऱ्याशी शेतकरी मोकळेपणाने बोलतो. दिवसाला दोनच ठिकाणे घ्यावीत, त्याहून अधिक घेतली तर चवी एकमेकींत मिसळतात. शक्य तर एकच जात दोन वेगळ्या बागांची चाखून पाहावी, म्हणजे मातीचा आणि वाऱ्याचा फरक समजेल. जाण्यापूर्वी जिभेला थोडी ओळख व्हावी असे वाटत असेल, तर अकलूजजवळ मोटेवाडीला फ्रातेल्लीच्या बागा आहेत. कृष्णाकाठचा आपला भागही कर्नाटकाच्या 2007 च्या द्राक्ष-वाइन धोरणात वाइनच्या द्राक्षांसाठी धरलेला आहे, तेव्हा तिथे पाहिलेले इकडच्या बागायतदारांना अवश्य सांगावे.

काही झाले तरी आवडलेल्या जातीची काडी पिशवीत घालून आणू नये. 2003 च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार परवान्याशिवाय रोपे आणि काड्या आणता येत नाहीत, आणि एका काडीबरोबर येणारा रोग साऱ्या तालुक्याला भोवू शकतो. जाताना बागेतले बूटही धुऊन न्यावेत, कारण शेतावर गेला होतात का, हे तिथल्या विमानतळावर विचारतात.

अथणीची माहेरवाशीण:

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, मनापासून आभारी आहे. बागा आधी हे पटले. सॅन होजेहून थेट पासो रोब्लेसला उतरायचे, मग मॉरो बेला मुक्काम करायचा आणि परतताना माँटेरी पाहायचे, असे आम्ही ठरवतो आहोत. दोन शंका राहिल्या. पहिली अशी, की वाइन चाखल्यावर गाडी कोणी चालवायची, कारण मला आरव्ही चालवता येणार नाही. दुसरी स्वयंपाकाची. आम्ही शाकाहारी आहोत आणि ह्यांना रोज भाकरी किंवा थालीपीठ लागते; आरव्हीत फोडणीचा स्वयंपाक होतो का?

संकेश्वरची लेक (फ्रिमाँट):

काकू, स्वयंपाक व्यवस्थित होतो. तीन शेगड्यांचा गॅस असतो, कुकर आणि लोखंडी तवा त्यावर बसतो. फक्त छत खाली असल्यामुळे मिरचीच्या फोडणीचा धूर क्षणात कोंडतो आणि धुराचा इशारा देणारे यंत्र वाजू लागते, म्हणून फोडणीपूर्वीच छतावरची खिडकी उघडून पंखा सुरू करावा. ते यंत्र आणि जमिनीलगतचे गॅसगळती ओळखणारे यंत्र कधीही बंद करू नये. बाहेर लाकडी टेबल असते. छोटी शेगडी तिथे मांडून थालीपीठ लावले तर आत वास राहत नाही आणि शेजारचे लोक कौतुकाने विचारायला येतात.

सरकारी कॅम्पग्राउंडवर बऱ्याच जागांना वीजजोडणी नसते, आणि जनरेटर सकाळी दहा ते रात्री आठ एवढ्याच वेळेत चालवता येतो. मिक्सर सकाळी चालणार नाही, म्हणून वाटणे आणि चटण्या मुलीकडूनच करून घ्याव्यात. ज्वारीचे पीठ, भाजणी, डाळी फ्रिमाँट आणि सॅन होजेच्या भारतीय दुकानांत मिळतात. तेलकट भांडी आधी कागदाने पुसून मग धुवावीत, कारण सांडपाण्याची टाकी लहान असते. टाक्या रिकाम्या करताना शौचालयाची आधी आणि भांड्यांच्या पाण्याची नंतर, म्हणजे मागून आलेल्या पाण्याने नळी धुऊन निघते.

निपाणीकर:

ताई, चाखण्याच्या दिवशी आरव्ही जागेवरून हलवूच नये. कॅलिफोर्नियात रक्तातील मद्याची मर्यादा 0.08 टक्के आहे, आपल्याकडे ती 0.03 आहे, आकडा मोठा दिसतो म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण त्याहून कमी असतानाही गाडी नीट चालवता येत नसेल तर तो गुन्हाच ठरतो. पासो रोब्लेसमध्ये चालकासह मोटार दिवसभरासाठी मिळते आणि सहलीच्या गाड्या आरव्ही पार्कवरून नेतात-आणतात. एखादा दिवस तेही करायचे नसेल, तर शहरातल्या चौकातील बागेभोवती अनेक वायनरींच्या चवीच्या खोल्या आहेत, पायी फिरता येते. एका वेळी साधारण 30 ते 60 मिलिलीटर ओततात आणि अशा चार-पाच वाइन असतात. दोघांत मिळून एकच चव मागितली तरी कोणी नाही म्हणत नाही, आणि चाखून समोरच्या भांड्यात थुंकणे हा तिथला शिष्टाचारच आहे.

उघडलेली बाटली प्रवासात चालकाच्या हाताशी ठेवणे हा तिथे गुन्हा आहे, ती मागच्या बंद कपाटात ठेवावी. भारतात परतताना माणशी दोन लिटर मद्य करमुक्त आणता येते, म्हणजे 750 मिलिलीटरच्या दोन-दोन बाटल्या आपल्याला सहज नेता येतील. त्या हातातल्या सामानात चालत नाहीत. कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेच्या मधोमध ठेवाव्यात.